दात उमटलेला मणी

“हलकं वाहून जातं, जड तळाशी राहतं. एवढंच शास्त्र आहे!” ओमप्रकाश सर गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडले आणि हातातली परात गोल गोल फिरवून दाखवली.

वसमतच्या या सरांना दगडांचं भारी वेड. महिन्यातल्या एका रविवारी ते हौशी मंडळींना टेम्पोत घालून कुठल्यातरी नदीवर न्यायचे. पोरांनी रंगीत गारगोट्या गोळा करायच्या, मोठ्यांनी वाळू धुऊन सोनं शोधायचं. सोनं कधीच कुणाला मिळालं नव्हतं, तरी घरी जाताना सगळे खुशीत असायचे.

या रविवारी कुरुंद्याची पाळी होती. जागा सुचवली होती आरोहीनं. त्यांच्याच शेताखालचं नदीचं वळण.

“तिकडं काहून?” तिचे वडील तातेराव सकाळीच म्हणाले होते. “पुलापाशी न्या की लोकायला.”

“पुलापाशी वाळू ठेवलीय कुठं टिप्परवाल्यांनी?” आरोही म्हणाली. ती दहावीत होती आणि चारचौघांत बापाला उत्तर द्यायला आता घाबरत नव्हती.

मग तातेरावही मागोमाग आले. काठावर त्यांनी चपला काढल्या आणि तापलेल्या वाळूत अनवाणी उभे राहिले.

“काय हो भाऊजी, देवळात आलाव का?” शेजारची भिकाबाई हसली.

तातेरावांनी चपला आणखी लांब सारल्या.

आरोहीला आज सोनं हवंच होतं. जास्त नको, एका मण्यापुरतं. तिच्या आईची, सखुबाईची, बोरमाळ दोन वर्षांपासून डबीत सुटी पडून होती. आरोहीची थोरली बहीण निता घर सोडून गेली, त्या दिवशी माळेचा दोरा तुटलेला सापडला आणि एक मणी कमी भरला. निता कुठं गेली, कुणाबरोबर गेली, काही पत्ता नाही. तिला पहाटेच्या नांदेड गाडीत चढताना लांबून पाहिल्याचं तातेरावांनी सांगितलं होतं, तेवढंच.

“मणी तिनंच नेला असंल,” ते म्हणाले होते. “आईची आठवण म्हणून.”

सखुबाई त्या एका वाक्यावर जगत होती. कारण गेलेला मणी साधा नव्हता. निता तान्ही असताना तिचे पहिले दोन दात त्याच्यावर उमटले होते.

“बराबर तोच उचलला पोरीनं,” ती येईल त्याला सांगायची. “म्हंजी येणार. राग असता तर नेला असता का?”

माळ मात्र ती घालत नव्हती. “त्या मण्याची जागा तिची हाय. ती आली की ओवीन.”

तातेरावांनीही त्याच आठवड्यात आपल्या भरघोस मिशा उतरवल्या होत्या. “नवस बोललोय. ती येईस्तोवर ठेवणार न्हाई.” बाप असावा तर असा, असं गाव म्हणालं.

आरोहीला हे वाट पाहणं आता बघवत नव्हतं. नवा मणी करायचा, ओवायचा, आईच्या गळ्यात माळ घालायची. बास!

“सर, खरंच असतं का हो इथं सोनं?” भिकाबाईनं परात हलवत विचारलं.

“आपल्या काळ्या दगडात नसतं, मावशी. सापडलंच तर ते मसणवट्यातलं. मेलेल्याच्या तोंडात घालतात ना, ते राखेबरोबर नदीत येतं.”

“अगं बया!” भिकाबाईनं परातच टाकून दिली. “हे पाण्यात उतरायच्या आधी सांगायचं होतं की!”

सगळे खो-खो हसले.

“भिऊ नका, तुमचा मसणवटा इथून खाली दीड कोस. पाणी काय उलटं चढतंय?”

“सोनं घातल्याबिगर मेलेल्याला वाट गवसत न्हाई,” काठावरून तातेराव म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. “ते काढून घेणं म्हंजी त्याची वाट मोडणं.”

आरोहीच्या तिसऱ्या परातीत कोळशाचे बारके तुकडे निघाले.

“कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्या असतील कुणी,” लेकीबरोबर आलेली सखुबाई काठावरून म्हणाली.

पाचव्या परातीत काळ्या वाळूखाली काहीतरी पिवळं लुकलुकलं.

“सोनं! सर, सोनं!”

सगळे पाणी उडवत धावले. एका पोरानं शिट्टी मारली.

“सर, तुमीच टाकलं ना? खरं बोला!” भिकाबाई म्हणाली.

सर ओशाळले. “पोरांसाठी चिमूटभर पितळेचा चुरा टाकतो मी, खोटं कशाला बोलू? पण हे…” त्यांनी ते बोटांत फिरवलं. “हे खरं सोनं आहे. बोरमाळेचा मणी. आतली लाख तेवढी जळून गेलीय.”

आरोहीनं मणी ओढणीला पुसला आणि तिचा हात थांबला. मण्यावर शेजारी शेजारी दोन बारीक खळगे होते.

सखुबाई लुगड्यासकट पाण्यात उतरली. तिनं खळग्यांवरून नख फिरवलं. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती मोठ्यानं हसली.

“आली व्हती! आरोही, शेतापस्तोर आली व्हती गं माझी लेक! घराकडं यायला भ्याली असंल.” ती काठाकडं वळली. “निता! ए निता! ये गं बाई, कुणी रागवत न्हाई!”

पलीकडच्या करंजातून दोन बगळे उडाले. बाकी काही हललं नाही.

“जवळच असंल ती. आजच माळ ओवते,” सखुबाई म्हणाली आणि मणी पदराच्या टोकाला बांधू लागली.

तेव्हा तातेराव पाण्यात आले. चालत नाही, पाय ओढत. बायकोसमोर येऊन त्यांनी हात जोडले.

“ए निताची माय, नको बांधू. टाक पाण्यात. लेकराची वाट मोडू नको. तिच्या तोंडात मीच घातला व्हता तो.”