रिकामी मेमरी

पेपरफुटीत पकडलेल्या क्लासवाल्याच्या चालू कॉम्प्युटरमधून उतरवलेली मेमरी धुळ्याच्या पोलिसांच्या सायबर लॅबमध्ये दिपमालाकडे आली होती. त्यात चॅटचा प्रोग्राम दिसत होता, पण आत शिरावं तर मेमरी वाचायचं टूल नुसतं रिकामं पान दाखवायचं. वैतागून तिने जळगावला हिलाल सरांना फोन लावला. बोट धरून या कामात आणलं ते त्यांनीच.

"टूल बरोबर शे, पोरी. मेमरीच रिकामी शे. अहवालमा लिखी दे तसं."

तिला नवल वाटलं. पान रिकामं आलं की आधी टूल त्या विंडोजशी जुळतंय का ते बघायचं, हे सरांनीच तिच्याकडून घोकून घेतलेलं. तिने जुळणी केली आणि चॅट उघडलं. शेवटचा मेसेज सरांच्या नंबरवरून होता.

"घाबरू नको. मशीन दिपमालाकडेच जाई. अडनी की ती मालेच फोन करी."