उजळलेली पऱ्हाटी

नवा कॅमेरा आला आणि पिंपळगाव राजाच्या कलीम फोटोवाल्याला रॉ फाइलचं वेडच लागलं. त्या कच्च्या फोटोत म्हणे काहीही सुधारता येतं. इंद्रभानकाकांनी सांगितलं होतं, "वावराचा फोटो चांगला काढजो, साहेबाले दाखवाचा हाय." कलीमनं नवरीचा चेहरा उजळावा तशी पऱ्हाटी उजळली, कपाशीच्या बोंडांवरचा एकेक डाग पुसला, फोटो जेपीजीत सेव्ह केला आणि जागा खाणारी रॉ फाइल डिलीट करून टाकली.

काका स्क्रीनकडे पाहतच राहिले.

"नुकसानीचा फोटो होता बे हा! बोंडअळी दाखवाची होती."

"मंग पुन्हा काढतो ना, काका."

"पऱ्हाटी कालच उपटली."

कलीमची मान खाली गेली. काकांची नजर मात्र त्या निरोगी बोंडांवरून हलेना.

"फवारू फवारू थकलो बे मी. पयलेच तुयाकडे आलो असतो."