चौदा एप्रिलच्या वक्त्या

मार्च संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. यंदा पहिला फोन चाळीसगावच्या एका प्राचार्यांचा.

"मॅडम, चौदा एप्रिलला यायचं हं. पत्रिकेत गेल्या वर्षीसारखंच छापतो, संघमित्रा तायडे, थोर विचारवंत. बाबासाहेबांवर तुमच्यासारखं कोणी बोलत नाही."

"येईन सर, त्यांच्यावर बोलायला मला आवडतंच. पण मी राज्यशास्त्राची प्राध्यापक आहे आणि माझा विषय परराष्ट्र धोरण आहे, हे दरवर्षी सांगते मी तुम्हाला. गेल्या महिन्यात तुमच्याकडे आखाती देश आणि आपली केळी यावर परिसंवाद झाला. तेव्हा नाही झाली माझी आठवण?"

"अहो, त्याला तज्ज्ञ लागतात. पुण्याहून बोलावले होते."

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. "मग काय म्हणाले तज्ज्ञ?"

"फार अभ्यासू माणूस! तिकडे समुद्रात जहाज अडकलं की इकडे मुक्ताईनगरात केळीचा भाव कसा पडतो, सगळं उलगडून सांगितलं. शेतकरीसुद्धा शेवटपर्यंत हलले नाहीत. आणि मन किती मोठं! म्हणाले, मी एक पुस्तक वाचून आलोय, खरं तर लेखकालाच बोलवायला हवं होतं."

"मग बोलवा की."

"बोलावणारच आहोत. एस. तायडे म्हणून कोणी आहेत, दिल्लीकडचे असणार. मॅडम, तुमच्या भाऊबंदांपैकी आहेत का हो? नंबर मिळाला असता तर बरं झालं असतं."