कपडेखोलीचं दार

पडद्यावरच्या बाबांनी टाचण्या ओठांत धरल्या, तशी ती खुर्चीत सावरून बसली.

ती चुका पकडायच्या तयारीनेच आली होती. हॉटेलवरच्या त्या हल्ल्याचा सिनेमा निघतोय, त्यात कपडेखोलीतल्या शिंप्याचंही काम आहे, हे कळल्यापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. सिनेमावाले घरी येऊन आईशी गोड बोलून गेले, तेव्हा तिने त्यांना चहासुद्धा विचारला नव्हता. आज मेलेल्यांच्या घरच्यांसाठी खास खेळ होता. शिलाईमशीन खिडकीशी हवं, ते भिंतीशी ठेवलं होतं. ही एक चूक. बाबांच्या चष्म्याला दोरी नव्हती. ही दुसरी. पण टाचण्या बरोबर होत्या. नव्या वेटरला कोट चढवून झाला की त्याच्या खांद्यावरची धूळ झटकून "जा, आता लग्नाला उभा राहा" म्हणणं, तेही अगदी बरोबर. आईला हे ठाऊक नव्हतं. सांगणारा एकच माणूस होता आणि तो तीन रांगा पुढे बसला होता.

इस्त्रीकाका. बाबांच्या समोरच्या टेबलावर त्यांनी जन्मभर इस्त्री केली. त्या संध्याकाळी कपडेखोलीत लपून जे वाचले, त्यांतले ते एक. तेव्हापासून ते अधूनमधून घरी यायचे, बाबांच्या गमती सांगून आईला हसवायचे. त्या संध्याकाळचा विषय निघाला, की त्यांना नेमकी बस धरायची असायची.

पडद्यावर गोळ्यांचे आवाज सुरू झाले. बाबांनी सफाईवाल्या बायकांना आणि वेटरना खोलीत लोटलं. स्वतः बाहेर राहिले. दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आईने तिचा हात घट्ट धरला. तिने मात्र तीन रांगा पुढे पाहिलं. इस्त्रीकाका वाकून बुटाची नाडी बांधत होते. बांधतच होते.

त्या दाराला बाहेरून कडी नव्हतीच. शाळेच्या सुट्टीत ती तिथे चादरींच्या गठ्ठ्यावर लोळून पुस्तकं वाचायची, तिला ते दार पाठ होतं. सगळे नोकर तिथे कपडे घालून बघायला यायचे. एकदा आचारी नुसत्या चड्डीवर उभा असताना खुद्द मॅनेजरबाई आत शिरल्या. दुसऱ्याच दिवशी बाबांनी स्वतः आतून कडी ठोकली. बाहेर होती ती नुसती मूठ.

ओठांतल्या टाचण्या ज्याच्या ध्यानात राहिल्या, तो माणूस कडी विसरेल?

खेळ संपल्यावर बाहेर चहा होता. दिग्दर्शक एकेकाला भेटत होता. काही खटकलं का, असं त्याने आईला विचारलं. हे एवढे उंच नव्हते, आई म्हणाली, पण असू दे, छान दिसले. सगळे हसले. अनोळखी बायका येऊन आईचे हात हातांत घेत होत्या. बाबा गेल्यापासून चारचौघांत अंग चोरून वावरणारी आई आज ताठ उभी होती.

इस्त्रीकाका खांबाच्या आडोशाला कप घेऊन उभे होते. ती समोर येताच त्यांनी सिनेमाची स्तुती केली आणि बसचं निघालं.

"काका, कडी आतून होती."

"सिनेमावाले काय, त्यांना हवं तसं फिरवतात."

तिने आवाज चढवला नाही. त्यांनी मशीन फिरवलं, चष्मा फिरवला, हे तिला मान्य होतं. पण ह्या दाराची गोष्ट त्यांना कोणी दिली? बाबा बाहेर कसे राहिले?

काका कपात बघत खालच्या आवाजात बोलू लागले. जिन्यात एक सफाईवाली पोरगी मागे राहिली होती, तिला आणायला बाबा बाहेर गेले. तेवढ्यात बाहेर धावपळ ऐकू आली. आत कोणीतरी म्हणालं, कडी लावा. दाराजवळ काकाच होते. त्यांनी लावली. मग दारावर टकटक झाली.

तिला विचारल्याशिवाय राहवेना.

"तुम्हाला कळलं होतं कोण आहे ते?"

"रोजची टकटक होती, पोरी."

दालनाच्या त्या टोकाला आई कुणाला तरी हातवारे करून बाबांची उंची दाखवत होती. तिला हाक मारायचा अवकाश होता. पण हाक मारायची गरजच पडली नाही. आई स्वतःच गर्दीतून वाट काढत आली. चेहरा रडून धुतल्यासारखा झाला होता.

"भावजी, तुमचं काम केलेला तो नट काही बरा नव्हता हो. नुसता रडत होता."

"मी रडतच होतो, वहिनी."

दिग्दर्शकाने उद्याच्या खेळाचेही पास दिले होते. आईला पुन्हा बघायचा होता, उद्याच. आणि भावजींनी यायलाच हवं होतं.

"तुम्ही होतात म्हणून ह्यांनी काय केलं ते आम्हाला कळलं तरी. नाहीतर कोण सांगणार होतं?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग आईनेही पाहिलं, दोघांत काय चाललंय म्हणून.

"येतील ते," ती आईला म्हणाली. मग काकांच्या हातातला रिकामा कप तिने काढून घेतला. "पण उद्या असे लांब नका बसू, काका. आमच्या दोघींच्या मधे बसा."