क्रूमच्या वाट्याचे गहू

"हे कुणाबद्दल लिहिलंयस?" स्तान्काने कागद टेबलावर ठेवत लेकीला विचारलं.

बाबांबद्दलच, रालित्सा म्हणाली. उद्या बाबांना, मेतोदीला, जाऊन वर्ष होणार होतं. त्याच्या फोटोखाली छापून इमारतीच्या दारावर चिकटवायला चार ओळी हव्या होत्या. छापखान्यात तयार मजकूर मिळतो, प्लोवदिव्ह शहरातले निम्मे लोक तोच लावतात. पण घरात लिहिणारी मुलगी असताना स्तान्काला तो नको होता.

"'जीवनाच्या रंगमंचावरून दूर गेलेलं एक उजळ व्यक्तिमत्त्व,'" स्तान्काने वाचून दाखवलं. "अगं, तुझे बाबा बस चालवायचे. रंगमंच कुठला आणलास?"

रंगमंच नाटकाच्या परीक्षणातून आला होता आणि 'उजळ' चेहऱ्याच्या क्रीममधून. रालित्सा कुणाच्या नोकरीत नव्हती. जो मागेल त्याला लिहून द्यायची. बायकांच्या मासिकात ती लोरा होती, साप्ताहिकात नाटका-चित्रांवर लिहिताना स्वतःच्या नावाने असायची, आणि एका दैनिकाच्या खेळाच्या पानावर ती क्रूम वेलेव होती, कारण फुटबॉलवर बाईने लिहिलेलं कोण वाचणार, असं तिथल्या संपादकाचं म्हणणं. हात आता आपोआप चालायचा. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिने लिपस्टिकवरचा मजकूर वेळेत पाठवला होता. रडू तेव्हा आलं नाही, नंतरही नाही. आता तर त्याची लाजही वाटेनाशी झाली होती.

स्तान्का ओट्याशी उद्या मेतोदीच्या नावाने वाटायचे शिजवलेले गहू निथळत होती. पाठमोरीच म्हणाली, "तो क्रूम तुझ्या ओळखीचा असेल ना गं? त्याला सांग लिहायला. तुझ्या बाबांचा फार जीव होता त्याच्यावर."

ते खरंच होतं. दर सोमवारी मेतोदी याच टेबलाशी क्रूमचा लेख मोठ्याने वाचायचा, मध्येच त्याला शिव्या घालायचा आणि शेवटी लेकीकडे बघून म्हणायचा, मोजकं लिहितो बघ, शिक जरा. आधी रालित्साला त्याची गंमत वाटायची. मग क्रूम म्हणजे आपणच, हे सांगायचं राहत गेलं आणि राहिलंच.

"विचारते त्याला," असं म्हणून ती फोन घेऊन बाल्कनीत गेली.

क्रूमला वेळ लागला नाही. ती आत आली आणि तिने आईला वाचून दाखवलं. "धावत येणाऱ्यासाठी बस थांबवून धरायचे. आपला संघ हरत असला तरी शेवटची शिट्टी वाजेपर्यंत जागचे उठायचे नाहीत. या वेळी लवकर उठले."

स्तान्का खुर्चीवर बसली आणि पदर नसलेल्या बायका रडतात तशी, तळहातांत तोंड घालून रडली. रालित्सा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तिला स्वतःला काहीच झालं नाही. ओळी बऱ्या जमल्यात, एवढंच तिच्या मनात आलं.

डोळे पुसून स्तान्काने कागदी पेल्यात गहू भरले, वर साखर आणि अक्रोड घातले, चमचा खोचला. "छापखान्यात जाशील तेव्हा हे त्याला नेऊन दे. खाल्लं की 'देव त्यांना क्षमा करो' म्हणायला सांग. म्हटल्याशिवाय त्यांना पोचत नाही."

मजकूर छापायला देऊन रालित्सा बाहेरच्या बाकावर बसली आणि गहू खाऊन टाकले. गोड होते. तोंडाने काही म्हणायचं तिच्या लक्षातही आलं नाही.

घरी आली तेव्हा रिकामा पेला हातातच राहिला होता. स्तान्काने आधी तो पाहिला, मग लेकीकडे.

"म्हणाला का तो?"

"म्हणाला."

स्तान्काने तोच पेला पुन्हा भरला आणि तिच्यासमोर ठेवला.

"आता तुझा. वर्ष झालं गं, तू एकदाही म्हटलेलं नाहीस."

रालित्साने घास घेतला. तो गिळेपर्यंत बोलता येणार नव्हतं, म्हणून ती नुसती चावत राहिली.