हरण्याच्या बरगड्या

"चार किलो जास्त!" हरण्याला काट्यावरून उतरवत जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "कारवानी कुत्रा आहे, पळायला जन्मलेला. शेवटच्या तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत. घरात कोण चारतंय याला?"

अनुजाने सासूकडे पाहिलं. काशीबाईंनी पदराची गाठ मुठीत आवळली. पण कमरेएवढ्या उंच हरण्याने आपलं लांबडं नाक नेमकं त्याच मुठीत खुपसलं. गाठीत तुपाची अर्धी पोळी होती.

घरी जाऊन सून तोंडसुख घेणार, याची काशीबाईंना खात्रीच होती. म्हणून उंबऱ्यातच त्या बोलून मोकळ्या झाल्या. "बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. माहेरच्या बैलांच्या अशाच बरगड्या दिसायच्या. एकेक करून सगळे गेले गं. याच्या दिसल्या की मला घास उतरत नाही."

संध्याकाळी अनुजाने हरण्याचं जेवण मोजून काढलं आणि त्यातलीच अर्धी भाकरी सासूच्या हातात ठेवली. "ही त्याच्या वाटणीची. आजपासून रोज तुम्हीच भरवायची."

चार महिन्यांनी अंगणातल्या उन्हात हरण्या काशीबाईंच्या मांडीवर डोकं टाकून पसरला होता. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "अगं बाई, याला खायला घालत नाही का कुणी?"

काशीबाईंनी त्याच्या बरगड्यांवरून सावकाश हात फिरवला. एक, दोन, तीन.

"पोट भरलंय त्याचं," त्या म्हणाल्या. "दिसतायत, तर दिसू देत."