माणसांच्या पाठीवरून

"ताई, पॅनेल धड आहे. हे पडले," वहिनी फोनवर म्हणाली.

ऑफिसात बसलेल्या नणंदेच्या तोंडचं पाणी पळालं. समोर स्क्रीनवर आकडा होता एकोणपन्नास पूर्णांक आठ. मर्यादा पन्नासची. सौर पॅनेल घडवण्यापासून ते भंगारात जाईपर्यंत विजेच्या एका युनिटमागे किती ग्रॅम कार्बन, त्याचा हा हिशेब. आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत हिशेब मर्यादेच्या आत बसवून पाठवला तरच डोंगरावरच्या दवाखान्याला वीज साठवायच्या बॅटऱ्या मिळणार होत्या. त्या दवाखान्यात बाबा ऑक्सिजनच्या मशीनवर होते, वहिनी त्यांच्या उशाशी. मशीन डिझेलवर चालायचं. बर्फ पडला की घाट बंद, डिझेल बंद. गेल्या हिवाळ्यात आई अशीच गेली.

या आकड्यासाठी तिनं जिवाचं रान केलं होतं. थंडीत बॅटऱ्या लवकर मरतात, पुन्हा नव्या लागतात, ते काही लपवता येईना. आकडा अठ्ठावन्नच्या खाली सरकेना. शेवटी तिनंच पॅनेल वर नेणाऱ्या हेलिकॉप्टरच्या फेऱ्या खोडल्या आणि लिहिलं, माणसांच्या पाठीवरून. पाठीचा कार्बन शून्य धरतात. हमाली करणारा भाऊ तेव्हा हसला होता. "चला, बिनधुराचा निघालो मी."

आता तो घाटात पडला होता. कमरेखालचं काही कळत नव्हतं त्याला.

"हेलिकॉप्टर मागवते," ती म्हणाली.

साहेब तिच्याच टेबलाशी उभे होते. माणूस वाईट नव्हता. "मागव. पण ते आपल्या कामाच्या नावावर उडणार. फेरी हिशेबात धरावी लागेल. एकावन्न होतील."

"दुसरं नाही मिळणार?"

"उद्या. हवा बरी असली तर."

फेरी लपवायचीही सोय नव्हती, उड्डाणाची नोंद थेट बॅटऱ्या देणाऱ्यांकडे जायची. साडेचार वाजले होते. भावाला वाचवायचं की बापाला? तिला स्वतःचा, त्या आकड्याचा, सगळ्याचा संताप आला. फोन अजून चालूच होता.

"वहिनी," ती कशीबशी म्हणाली, "बाबांना यातलं काही सांगू नकोस."

पलीकडून धाप ऐकू आली.

"फोन माझ्याकडेच आहे," बाबा म्हणाले. "एकावन्न लिही, पोरी."